नेपच्यून चार दुकानं अलीकडे

थोरलीला अख्खा रस्ता मोजणीताई म्हणायचा, आणि तिला ते आवडायचं. जमीनमोजणीच्या खात्यात तिनं उभी हयात काढली होती. काटेरी कुंपणं, ओढे आणि एकमेकांच्या उरावर बसलेले शेजारी, या सगळ्यांच्या मधून ती मापाची साखळी ओढत गेली होती. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी जित्याची खोड ती, जाते कुठे? दवाखान्यात नंबर लागेपर्यंत ती जमिनीवरच्या फरश्या मोजायची आणि खोलीचं क्षेत्रफळ शेजारच्या पेशंटला ऐकवायची. पेशंट बिचारा आधीच आजारी.

पण तिचा खरा अभिमान म्हणजे तिचं पाऊल. पंचाहत्तर सेंटिमीटर. उन्हात, चिखलात, ताप असताना, कधीही टाकलं तरी पंचाहत्तर. खात्यातले साहेब म्हणायचे, एकवेळ टेप विसरलात तरी चालेल, हिला विसरू नका. हे वाक्य तिनं इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलं होतं, की साहेबांनी ते नक्की म्हटलं होतं का, हे आता साहेबांनाही सांगता आलं नसतं.

धाकटी त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला राहायची. खाली तिचं पडद्यांचं दुकान, वर घर. गळ्यात टेप असायची, पण ती शोभेला. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन ती खिडकीवर हात पसरायची, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, वीत टाकत खाली यायची, आणि दुकानात येऊन त्याच वितीनं कापड मोजायची. तिचा पडदा कधी चुकला नव्हता. म्हणजे, एकदाच चुकला.

त्याचं असं झालं. दोन वर्षांपूर्वी थोरलीला झोपायच्या खोलीसाठी पडदा हवा होता. एरवी ती सेंटिमीटर सांगायची आणि धाकटी कुरकुरायची, की तुझे आकडे तुझ्याकडे ठेव, मला वीत सांग. त्या दिवशी थोरलीला कुठून बुद्धी झाली कोण जाणे. चला, आज बहिणीच्या भाषेत बोलू, असं मनाशी म्हणून तिनं स्वतः खिडकीवर हात टाकला आणि फोनवर सांगितलं, "लांबी सात वीत." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. थोरलीचा पंजा फावड्यासारखा, धाकटीचा लहान. धाकटीनं आपल्या सात विती कापल्या, आणि पडदा चांगला वीतभर आखूड झाला.

कुणाही शहाण्या माणसाला दोन मिनिटांत उमगलं असतं. पण या दोघी बहिणी होत्या. थोरली तडक दुकानात गेली, आणि तीन गिऱ्हाइकांसमोर शब्दानं शब्द वाढला.

"वीत! हे काय माप आहे?" थोरली म्हणाली. "माणसाच्या अंगावरचं माप कधी खरं असतं का? नुसता अडाण्यांचा कारभार."

"मग अडाण्याच्या दुकानात आलीस कशाला?" धाकटीचा आवाज चढला. "परत माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस."

झालं. थोरलीनं पाऊल ठेवलं नाही. दोघींचे आईवडील गेलेले, थोरलीनं लग्न केलेलं नाही, धाकटीचा नवरा देवाघरी आणि मुलं आपापल्या संसारात लांब. या जगात एकमेकींना शिव्या घालायला त्यांना दुसरं हक्काचं माणूस नव्हतं, आणि त्यांनी बोलणंच टाकलं. थोरली रस्त्याच्या त्या टोकाला जाईनाशी झाली. आखूड पडदा मात्र तिनं खिडकीला लावला. रोज सकाळी त्याच्या खालून वीतभर ऊन आत यायचं आणि बरोबर तिच्या डोळ्यांवर पडायचं. दुसरा पडदा कुठंही मिळाला असता. तिनं घेतला नाही. ती रोज त्या उन्हावर चिडायची आणि रोज त्याच उन्हानं उठायची.

माफी मागणं तिच्या रक्तात नव्हतं. मोडेन पण वाकणार नाही, असा सगळा प्रकार. तिला धाकटीच्या दारात जायचं होतं, फार जायचं होतं, पण जायला काहीतरी कारण हवं होतं, आणि ते कारण असं हवं होतं की त्यात तिचा स्वतःचा काही संबंध दिसता कामा नये.

ते कारण ग्रंथपालानं आणून दिलं. रस्त्याच्या अलीकडच्या टोकाला ग्रंथालय होतं, आणि तिथला ग्रंथपाल उत्साही माणूस. सुट्टीत मुलांसाठी रस्त्यावर सूर्यमाला मांडायची, असं त्याच्या डोक्यात आलं. सूर्य ग्रंथालयाच्या दारात आणि पुढे मापात एकेक ग्रह. मापासाठी तो अर्थातच मोजणीताईकडे आला.

"मी सुटसुटीत प्रमाण काढलंय," तो म्हणाला. "एक मीटर म्हणजे एक कोटी किलोमीटर. पृथ्वी पंधरा मीटरवर आणि नेपच्यून साडेचारशे मीटरवर, बँकेसमोर."

थोरलीनं डोळे मिटले. ग्रंथालयाच्या दारापासून पडद्यांच्या दुकानापर्यंत रस्ता नऊशे मीटर होता. तिच्याच खात्यानं मोजला होता, तिनंच साखळी धरली होती.

"चालणार नाही," ती म्हणाली. "मुलांना चालायचंय ना? मग मीटर कशाला? पाऊल धर. माझ्या पावलाला साडेसदतीस लाख किलोमीटर."

"साडेसदतीस लाख!" ग्रंथपालाचा चेहरा उतरला. "ताई, पोरं पळून जातील."

"का पळतील? सूर्यापासून पृथ्वी चाळीस पावलं. नेपच्यून तिच्या तीसपट लांब, म्हणजे बाराशे पावलं. राहील की लक्षात."

"आणि बाराशे पावलांवर काय येतं?"

"काय येतं कोण जाणे," थोरली छताकडे बघत म्हणाली. "ते पडद्यांचं दुकान वगैरे येत असेल."

म्हणजे बाईनं आधी दार धरलं होतं आणि मग त्यात सूर्यमाला बसवली होती. खात्यात हाताखालच्या कुणी असा उलटा हिशेब केला असता, तर तिनं त्याला उभा सोलला असता.

पुढचे काही दिवस दोघांनी ग्रह गोळा केले. सूर्य सव्वा वीत रुंदीचा रंगवलेला चेंडू झाला, पृथ्वी मोहरीचा दाणा, गुरू छोटंसं लिंबू. शनी म्हणजे मोठी गोटी, तिला तारेचं कडं. थोरली आकडे काढत सुटली होती. या रस्त्यावर प्रकाश सोडला, तर तो लगबगीच्या मुंगीएवढ्या वेगानं जाईल आणि नेपच्यूनपर्यंत पोचायला त्याला चार तास लागतील, हे तिनं सांगितलं तेव्हा ग्रंथपालानं तोंडात बोट घातलं. (प्रकाशाला चार तास. थोरलीला दोन वर्षं लागून गेली होती, पण तो हिशेब तिनं काढला नाही.)

"आणि सूर्य सोडून सगळ्यात जवळचा तारा?" त्यानं विचारलं.

"आठ हजार किलोमीटरवर. दुसऱ्या खंडात. तिकडं आपलं काही काम नाही."

नेपच्यूनसाठी करंगळीच्या नखाएवढं गोल निळं काहीतरी हवं होतं. ग्रंथपाल म्हणाला, मी बघतो, आणि दुसऱ्या दिवशी एक सुंदर निळं बटण घेऊन आला. ते त्यानं कुठून आणलं, हे थोरलीनं विचारायला हवं होतं. ग्रंथपालाच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तिला ठाऊक होतं. पण तिचं लक्ष आकड्यांत होतं.

शनिवारी सकाळी थोरलीनं खात्यातले जुने कॅनव्हासचे बूट काढले. ग्रंथपालानं हातगाडीवर आठ लोखंडी स्टँड चढवले, प्रत्येकाच्या डोक्यावर काचेची डबी आणि डबीत एकेक ग्रह.

"मी मोजताना बोलायचं नाही," थोरलीनं बजावलं. "मोजताना कुणी बोललेलं मला खपत नाही."

बुध आणि शुक्र ग्रंथालयाच्या भिंतीलगतच आले. पृथ्वी टपालपेटीशी आली, मंगळ थोडा पुढे. मग मोठी उडी मारून गुरू औषधांच्या दुकानाशी आणि शनी शाळेच्या फाटकाशी. लोक दारात येऊन बघत होते. न्हाव्यानं विचारलं, आमच्या वाट्याला काही नाही का? ग्रंथपालानं तोंडावर बोट ठेवून त्याला गप्प केलं.

शाळा मागे पडली. थोरलीचे ओठ आकडे मोजत होते आणि मन आतल्या आत एक वाक्य घोकत होतं. ते तिनं आठवडाभर बसून घडवलं होतं. "हे बघ, नेपच्यून तुझ्या दारात येतोय. माझा इलाज नाही, शास्त्र आहे." यात माफी नव्हती, माघार नव्हती, आणि तरीही पाऊल दारात पडत होतं. वाक्य नामी होतं.

धोब्यापाशी युरेनस ठेवला आणि तिनं मान खाली घातली. आता वर बघितलं आणि ते दुकान दिसलं, तर आपण तिथूनच परत फिरू, अशी तिला भीती वाटली. खाली बघत, बुटांची टोकं बघत, ती चालत राहिली. अकराशे झाले. साडेअकराशे झाले. बाराशेव्या पावलाला तिनं टाच जुळवली, उजवीकडे वळली आणि डोळे गच्च मिटून मोठ्यानं म्हणाली,

"हे बघ, नेपच्यून तुझ्या दारात येतोय. माझा इलाज नाही, शास्त्र आहे!"

"येऊ दे की," एक पुरुषी आवाज म्हणाला. "माझी काय हरकत असणार?"

थोरलीनं डोळे उघडले. समोर घड्याळजी बसला होता, एका डोळ्याला भिंग, हातात कुणाचं तरी उघडं घड्याळ. तिनं मान वळवली. पडद्यांचं दुकान पुढे होतं. चांगलं चार दुकानं पुढे.

आयुष्यभर लोकांची जमीन मोजली तिनं, पण पायाखालची सरकते कशी ते तिला त्या दिवशी कळलं.

"रस्ता वाढलाय," ती म्हणाली.

"ताई, रस्ता कसा वाढेल?" ग्रंथपाल म्हणाला.

"मागं खोदकाम झालं होतं ना इथं."

"खोदल्यानं खोल होतो ताई. लांब नाही होत."

थोरलीनं घड्याळजीकडे टेप मागितली. ग्रंथपालानं एक टोक धरलं आणि ती दहा पावलं चालली, खात्यातल्यासारखी, ताठ, समोर बघत. साडेसात मीटर यायला हवे होते.

"सात मीटर वीस," ग्रंथपालानं वाचलं.

"परत."

परत सात मीटर वीस. तिसऱ्यांदा तिनं मुद्दाम ढांग टाकून बघितली, तर गुडघ्यातून कळ आली आणि ती घड्याळजीच्या स्टुलावर बसली. एका पावलामागे तीन सेंटिमीटर, जेमतेम दीड बोट. एवढंसं काय ते, पण बाराशे वेळा कमी पडलं की चार दुकानं होतात. हे कधी झालं? कुणी सांगितलं कसं नाही? तिला फार वाईट वाटलं. ज्या एका गोष्टीवर ती आजवर पैज मारत आली, ती गोष्ट तिला न सांगता गुपचूप आकसत चालली होती. आणि त्यावर कडी म्हणजे तिचंच एक वाक्य तिला आठवलं, तीन गिऱ्हाइकांसमोर बोललेलं. माणसाच्या अंगावरचं माप कधी खरं असतं का?

"सगळं परत मोजायचं का?" ग्रंथपालानं हळूच विचारलं. "टेपनं?"

थोरलीनं मान हलवली.

"गरज नाही. सगळे ग्रह एकाच पावलानं मोजलेत. पाऊल लहान तर लहान, पण सगळ्यांना तेच. प्रमाण चुकलेलं नाही. नेपच्यून इथंच बरोबर आहे."

हे बोलता बोलता तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. धाकटी तरी दुसरं काय करायची? ज्या हातानं खिडकी मोजायची, त्याच हातानं कापड मोजायची. वीत लहान की मोठी, याचा संबंधच नव्हता. चुकलं होतं ते खिडकीवर दुसरा हात पडला म्हणून, आणि तो हात थोरलीचा होता.

"ढकलू का गाडी चार दुकानं पुढे?" ग्रंथपाल म्हणाला. त्याला तिचा चेहरा बघवत नव्हता. "कोण बघतंय?"

"मी बघतेय," थोरली म्हणाली.

म्हणजे आता ती पुरती अडकली होती. मांडणी बरोबर होती, आणि म्हणूनच तिला पुढे जायला एकही ग्रह उरला नव्हता. मध्ये फक्त पन्नास पावलं होती, आताच्या पावलांनी. साडेसदतीस लाख गुणिले पन्नास, तिनं मनात केलं. तेवढं अंतर विनाकारण, हात हलवत चालून जायचं, हे तिच्यानं होईना.

ती स्टुलावरून उठली, परत जायला वळली, आणि तिच्यासमोर धाकटी उभी. गळ्यात टेप, हातात झाडू.

धाकटीनं थोरलीकडे बघितलं नाही. ती वाकून डबीत बघायला लागली.

"हे माझं बटण आहे," ती म्हणाली.

थोरलीनं ग्रंथपालाकडे बघितलं. तो भर दिवसा आकाशात तारे शोधत होता.

"हा म्हणाला, नेपच्यून तुमच्या दारात येणार," धाकटी म्हणाली. "सकाळपासून तीनदा पायरी झाडली मी. आणि नेपच्यून इथं का थांबला?"

"त्याची जागा इथंच आहे."

"किती कमी पडलं?"

पन्नास पावलं, असं म्हणता आलं असतं. पण थोरलीला खोटं बोलता येत नसे, आणि गोल गोल तर मुळीच नाही.

"पावणेएकोणीस कोटी किलोमीटर," ती म्हणाली.

धाकटीनं झाडू भिंतीला टेकवला. सावकाश विचारलं, "आणि माझा पडदा किती आखूड झाला होता गं, ताई?"

"एक वीत."

"एक वीत!" धाकटी घड्याळजीकडे वळली. "ऐकलंत? एका वितीसाठी हिनं दोन वर्षं माझं तोंड बघितलं नाही. आता पावणेएकोणीस कोटी किलोमीटरला किती वर्षं होतात, तेवढं काढून द्या मला."

घड्याळजी असा हसला, की डोळ्यावरचं भिंग उघड्या घड्याळात पडलं. थोरलीनं ओठ दाबून धरले, नाक लाल झालं, आणि शेवटी तिलाही हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायचंही तिच्या लक्षात राहिलं नाही.

"माझं पाऊल लहान झालंय गं," ती म्हणाली.

धाकटीचं हसू थांबलं. आपल्या बहिणीच्या तोंडून असलं वाक्य तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. तिनं त्या जुन्या बुटांकडे बघितलं, मग स्वतःचा हात पुढे करून पसरला. करंगळी अर्ध्यातच वाकलेली राहिली.

"माझी वीत तरी कुठं भरते पहिल्यासारखी?" ती म्हणाली. "सांधे धरलेत. तू नव्हतीस, मग सांगणार कुणाला?"

थोरलीनं तो हात धरला आणि सोडला नाही. ग्रंथपालानं नाक शिंकरलं.

"बरं, नेपच्यूनच्या पुढं काय आहे?" धाकटीनं विचारलं.

"काही नाही."

"काही नाही कसं? लहानपणी मला नऊ पाठ करायला लावले होतेस. पट्टी घेऊन बसायचीस समोर."

"नववा काढून टाकला."

"काढून टाकला म्हणजे?"

"लहान आहे. चाल पण इतरांसारखी नाही. म्हणून मोठमोठी माणसं बसली आणि ठरवलं, की हा आपल्यातला नाही."

"बिचारा," धाकटी म्हणाली. थोडा वेळ ती आपल्या दुकानाकडे बघत राहिली. "मग त्याला माझ्या दारात ठेव."

"अगं, तो इथं बसत नाही. फार लांब असतो तो. या हिशेबानं पार पुलापलीकडं."

"कायमचा?"

थोरलीला खोटं बोलता येत नसे, हे सांगितलंच आहे.

"कायमचा नाही," ती म्हणाली. "त्याची वाट लांबुळकी आहे. कधी कधी जवळ येतो. कधी तर नेपच्यूनच्याही आत येतो."

"मग आज जवळ आलाय."

थोरलीचे ओठ हलले. बाराशे पन्नास पावलं, म्हणजे पृथ्वीच्या एकतीसपट आणि वर थोडं. तिनं हिशेब एकदा केला, उलटा करून परत केला.

"बसतो," ती म्हणाली. "खरंच बसतो गं."

"चल तर."

त्या निघाल्या. थोरली अर्थातच मोजत होती. धाकटी वाटभर बोलत होती, धोब्यानं खराब केलेल्या कापडाबद्दल, मुलांच्या फोनबद्दल, सांध्यांच्या औषधाबद्दल, आणि मोजताना बोललेलं थोरलीला त्या दिवशी खपलं.

दारात आल्यावर धाकटीनं पांढरा दोरा दातानं तोडला आणि त्याला गाठ मारली. "एवढा?"

"थोडा लहान."

"ताई."

"बरं. एवढाच."

ग्रंथपालानं पुठ्ठा दिला आणि थोरलीनं स्वतःच्या अक्षरात पाटी लिहिली: *प्लूटो. लांब राहतो. कधी कधी जवळ येतो.* धाकटीनं गाठीचा दोरा पाटीला ओवला. ग्रंथपाल हातोडी घेऊन दाराच्या चौकटीपाशी उभा राहिला.

"पोरांना वाचता यायला हवी," तो म्हणाला. "किती उंचीवर ठोकू? टेप देता?"

धाकटीनं गळ्यातली टेप काढून थोरलीपुढे धरली. थोरलीनं ती घेतली, गुंडाळली आणि खिशात घातली.

"सहा वीत," ती म्हणाली, आणि चौकटीपासून बाजूला झाली. "तुझ्या वितीनं."